पात्यामागची पत्ती

हे मी घरी कधी बोललो नाही, दारू चढल्यावरही बोललो नाही. तुम्हालाच सांगतोय — नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

ब्रह्मपुरीतल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात मी मुख्य मिस्त्री आहे. नवा माणूस आला की त्याला गोल करवतीजवळ नेतो आणि आधी पात्यामागची लोखंडी पत्ती दाखवतो. फळी चिरत पुढे सरकते तशी ही पत्ती चिरेत शिरते, चीर मिटू देत नाही. ती नसेल तर ओलं सागवान पातं आवळून धरतं, फळी उसळून अंगावर येते आणि हात पात्यात जातो. पत्ती पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं मी दरडावून सांगतो. लोक म्हणतात, मिस्त्री फार कडक. कडक! ते ऐकलं की मला शिसारी येते — स्वतःचीच.

मोरेश्वर माझ्या हाताखाली होता. दिवसा करवत, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत ढोलकी. तो वाजवायला लागला की मागची माणसं उभी राहून पाहायची. मला त्याचा हेवा वाटायचा का? नाही — वाटला असता तर निदान काही कारण तरी असतं.

त्या संध्याकाळी मला चौकटींना खाचा पाडायच्या होत्या. खाच पाडताना पत्ती आडवी येते, म्हणून काढली. काम संपलं, पत्ती खिशातच राहिली. परत लावायला कितीसा वेळ लागतो? कंटाळा केला. तेव्हा आमच्याकडे मशीन लावून ठेवायची ती मिस्त्रीनं. दुसऱ्यानं तपासली तर मिस्त्रीचा अपमान. ही रीत मीच पाडली होती. सकाळी मोरेश्वरनं न तपासता फळी लावली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. सगळे त्याला उचलून जीपकडे धावले. मी म्हटलं, मशीन बंद करून येतो. मशीन तर केव्हाच बंद झाली होती. मी खिशातली पत्ती जागेवर बसवली, नट आवळला. बाहेर तो ओरडत होता — आणि मी पाना शोधत होतो.

मालक आले, वाकून पाहिलं. पत्ती जागेवर. मग चूक कोणाची? मला खोटं बोलायचीही गरज पडली नाही.

मोरेश्वर आता तिथेच भुसा भरतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकाला आम्ही बरोबर जातो. यंदाही गेलो. ढोलकी सुरू झाली तसा त्याचा पंजा मांडीवर हलायला लागला. मग थांबला.

"भाऊ, मी अजूनई इचार करून राह्यलो. पत्ती तं जाग्यावरच होती. मंग माहाच हात चुकला असन नं?"

मी स्टेजकडे पाहत होतो.

"हव," मी म्हणालो, "तुहाच चुकला."