पद्माक्काच्या खात्याची परवानगी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पद्माक्काचं काम डिस्क उडाल्यामुळं गेलं. सगळ्यांनाच तसं वाटतं. डिस्क उडाली हे खरंच आहे — पण तेवढंच खरं नाही. थांबा, नीट सांगतो. सरळ बोलायची मला सवय नाही.

आमचा चादरींचा कारखाना, सोलापुरात. मी तिथले कॉम्प्युटर बघतो. पद्माक्का डिझाइन करायची. चादरीवरची नक्षी मागावर चढण्याआधी तिच्या स्क्रीनवर उमटायची. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि बोलायला एकदम मोकळी. एकदा मालक बाहेरच्या व्यापाऱ्यांना घेऊन आले. मी रुबाबात तिच्या खुर्चीवर बसलो, नक्षी दाखवायला — आणि फाईलच उघडेना! "सरका की दादा, तुमचं काम न्हाय हे," म्हणत तिनं माउस घेतला. सगळे हसले. तीही हसली. तिच्या मनात काही नव्हतं हो. पण मला असं झोंबलं, की कितीतरी दिवस जेवताना तेच आठवायचं.

खंडेनवमीला आमच्याकडं मागांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. आदल्या दिवशी मी सगळी मशीनं पुसून बंद करतो. त्या वर्षी तिचं मशीन पुसता पुसता मी तिच्या खात्याचे ॲडमिनचे, म्हणजे मशीनवर काही नवं टाकायचे-बदलायचे, अधिकार काढून टाकले. का? तर आता बारीकसारीक गोष्टीलाही तिला माझ्याकडं यावं लागेल म्हणून. बस्स, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मशीनला हळदीकुंकू वाहून हात जोडले मी!

पूजेनंतर मशीनं सुरू झाली आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं अपडेट मागितलं. हा बॅकअप पद्माक्काच्याच खात्यावरून चालायचा. अपडेट अर्ध्यात थांबायचं, लाल पट्टी यायची, आणि अपडेट होईस्तोवर नवी कॉपी निघेना. "दादा, बघा की जरा," ती म्हणाली. मी बसलो. इंटरनेट तपासलं, डिस्कवर जागा आहे का बघितलं, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला गेलो — तेही होईना. शेवटी सॉफ्टवेअरच्या नोंदी उघडल्या. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं, या खात्याला परवानगी नाही.

कळलं ना तुम्हाला? मलाही तेव्हाच कळलं. अधिकार परत दिले असते तर समोरचा चहा निवायच्या आत काम झालं असतं. पण ती शेजारीच बसली होती. तिनं विचारलं असतं, हे कुणी काढलं? आणि काढू शकणारा कारखान्यात मी एकटाच होतो. मी म्हणालो, "कंपनीकडूनच घोळ आहे. पुढच्या अपडेटला होईल आपोआप."

ती जेवायला गेल्यावर करता आलं असतं की. मग का नाही केलं? विसरलो म्हणू? नाही, विसरलो नव्हतो. त्या हिवाळ्यात ती वडिलांची जुनी नक्षी कॉम्प्युटरवर उतरवत होती. त्यांनी हातानं ग्राफ पेपरवर काढलेले मोर, कमळं — कागद वाळवीनं पोखरलेले, हात लावला की भुगा. म्हणून तर तिला बॅकअपची काळजी. हेही मला माहीत होतं. ती अधूनमधून माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची, "दादा, अजून लालच हाय की." आणि मला — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटायचं.

उन्हाळ्यात डिस्क गेली. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. वडिलांची नक्षी गेली, ऑर्डरची नवी डिझाइनं गेली. बॅकअपमध्ये खंडेनवमीनंतरचं काहीच नाही. मालक भडकले. केबिनमध्ये आम्हा दोघांना उभं करून विचारलं, बॅकअप का नाही?

मी म्हणालो, "अपडेट विचारत असतं. यांनी कॅन्सल दाबलं असेल."

'असेल' म्हणालो. केवढी चलाखी! पद्माक्कानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार — लाल पट्टी किती वेळा दाखवली ते सांगणार. पण तिच्या तोंडावर राग नव्हताच. तिला खरंच वाटलं की आपलं चुकलं. "दाबलं असंल मीच," ती म्हणाली. "मला कुटं कळतंय त्यातलं." मालकांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी तिथंच उभा होतो.

आता ती घरी विड्या वळते. तिची आई वळायची तशीच, मांडीवर सूप घेऊन.

गेल्या महिन्यात तिच्या लेकीनं कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घेतला, तेव्हा पद्माक्कानं मलाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला नाही, मला. मी गेलो. लेकीचं खातं उघडून दिलं, बॅकअप लावला. अपडेट पहिल्या झटक्यात झालं. ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडं ठेवायचा, असं विचारलं, तर ती हाताची तंबाखू झटकत म्हणाली, "तुमीच ठेवा, दादा. आमच्या हातनं काय तरी दाबलं जातंय. मागं बघितलं न्हाय का?"

मी माझा पासवर्ड टाकला. तिनं केलेला चहा प्यालो, आणि घरी आलो.