साच्याचे गणपती

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ओल्या गणपतींची तोंडं उन्हाकडे फिरवणं. राखी होऊन गेली होती, झड लागली होती आणि त्या सकाळी घटकाभर ऊन पडलं. ती म्हणाली, "उठा जी, ऊन काही तुमची वाट पाहून नाई राहिलं." पडवीतल्या फळ्या आम्ही दोन टोकांना धरून बाहेर काढल्या. एक माझ्या हातून कलली तर म्हणे, "देवाले पाडान तं आज जेवण नाई भेटन." मग भिंतीशी बसून चहा प्यायलो, कपातला मी, बशीतला तिनं. संध्याकाळी तिला ताप भरला.

पांढुर्ण्यात आमचा कुंभारपुरा. मी चाकावरचा माणूस, माठ-गाडगी माझी. मूर्तीचा हात तिचा. श्रावणात लोक आपल्या घरचा पाट आमच्या पडवीत आणून ठेवत. पाट ठेवला म्हणजे गणपती सांगितला, वेगळं बोलायचं काम नाही. चवथीला त्याच पाटावर मूर्ती बसवून घेऊन जायची. पुऱ्याचा सार्वजनिक गणपती मात्र सगळे मिळून करत. सावरगावकडची माती बाया डोक्यावर आणत, सरकी काढायच्या जिनातला कापूस तोडून तिच्यात मळत, माणसं पायानं तुडवत. शेवटी घडवायची माझी बायको, आणि आजूबाजूला बसून प्रत्येक जण तिला अक्कल शिकवायचा. सोंड जाड झाली, पोट लहान झालं. ती ऐकायची सगळ्यांचं, करायची आपलं.

मग राज्यं फिरली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. पुऱ्यात संत्र्याच्या व्यापाऱ्यांची गोदामं उठली. ज्यांची तीन पिढ्यांची तहान आमच्या माठांनी भागवली, त्यांना भट्टीचा धूर झोंबू लागला. चौकात एका सेठनं दुकान टाकलं. आधी संत्र्याच्या पेट्यांचे खिळे आणि दोर विकायचा. एका वर्षी तोही पाट ठेवून गेला, घरी पुजायला म्हणून गणपती घेऊन गेला. पुजला नाही. त्याच्यावरून त्यानं साचा काढला.

पुढच्या श्रावणात दुकानात रांगेनं गणपती मांडलेले. सगळ्यांचा उजवा कान मागे वळलेला. सेठनं नेलेली मूर्ती ओली असताना माझ्या बायकोच्या कोपराचा धक्का लागला होता आणि तिनं तो कान तसाच राहू दिला होता. ती तडक दुकानात गेली, मागे मी.

"हा कान माह्या हातचा हाये, सेठजी."

"बाई, कान देवाचा आहे. देव काय तुझ्या एकटीचा?"

दुकानात बसलेले हसले. सगळे पुऱ्यातले होते, आमच्या पडवीत पाट ठेवणारे. कोण कोण हसलं ते मला आजही तोंडपाठ आहे. त्यातले बरेच मेले, तरी मी कोणाच्या मातीला गेलो नाही.

त्याच वर्षी पंचांनी सार्वजनिक गणपतीही सेठला सांगितला. सेठ मंडपाचं कापड आणि गॅसबत्त्या देऊन राहिला होता. पंचांतला एक जण घरी येऊन गोड बोलला, "वहिनी, यंदा तुम्ही आराम करा."

"मी थकली म्हणून कोणी सांगतलं तुम्हाले?"

"तसं नाई वो. तयार भेटून राहिला तं काऊन त्रास घ्या?"

"मंग बायको बी तयार आणाची होती, भाऊ. पोट्ट्यायसकट भेटली असती."

तो गेला. ती हसली नाही. जुन्या लोकांचे पाट अजून पडवीत होते, तेवढ्यावर तिनं जीव लावला. खालची मान वर केली नाही. "यंदा असे करतो का त्याचा साचा लाजला पाहिजे," म्हणायची. त्या उन्हाच्या दिवशी ताप भरला, त्यानंतरही पाण्यात हात घालून बसली. मी रागावलो तर माझ्याच अंगावर यायची.

चवथीच्या दोन दिवस आधी पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाला विषमज्वर. मी सेठचं नाव घेतो. ज्याला पटत नाही त्यानं आपल्या घरी बसावं.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. जाम नदीच्या काठी अग्नी मीच दिला, न्हाव्यानं माझं डोकं भादरलं. घरी येऊन बसलो तोच लोक येऊ लागले. भेटायला असतील असं वाटलं. ते पाट न्यायला आले होते. आमच्याकडे सुतक दहा दिवसांचं. सुतकातल्या घरची मूर्ती कोणी नेत नाही, सुतकातल्या माणसाचा हात लागलेली देवाची वस्तू बाद होते. हे मलाही कळत होतं, तक्रार त्याची नाही. पण तिची चिता अजून धगधगत होती. माझ्याकडे न पाहता एकेक जण आपला पाट ओळखून काखेत मारत होता. तिनं रंगवलेले गणपती तिथंच बसलेले. आणि बाहेर गल्लीच्या तोंडाशी सेठ उभा राहून सांगत होता, "या, या. माझ्याकडचा माल सगळा शुद्ध आहे."

तो शब्द ऐकला आणि माझं रडू थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघड्या अंगानं, भादरलेल्या डोक्यानं चौकात गेलो. दुकानासमोर पाट घेऊन माणसं उभी होती. मला पाहून बाजूला सरली. मी आत शिरलो आणि पहिल्या गणपतीच्या डोक्यावर पंजा ठेवला. मग दुसऱ्याच्या. मला धरायचं तर मला शिवावं लागलं असतं, म्हणून कोणी धरलं नाही.

"अरे, तू सुतकात आहेस," सेठ ओरडला.

"म्हणूनच आलो."

"उद्या चवथ आहे. लोक काय पुजतील?"

"सुपारी पुजतीन. तुह्या दुकानात असनच."

बाहेर कोणीतरी म्हणालं, "पाप लागन, भाऊ." मी म्हटलं, "लागू दे, एकटाच हाव." खालची रांग झाली, वरची फळी झाली. सेठनं कापड मोजायचा गज उगारला आणि तसाच हातात धरून मागे मागे सरकत राहिला. कोपऱ्यात धोतराखाली पुऱ्याचा मोठा गणपती झाकलेला होता. मी धोतर ओढून काढलं, त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पुऱ्यातला शेवटचा माणूस पाहून जाईपर्यंत सोडली नाही.