कुंडीत गेलेलं पाणी

आमच्या घरात जेवताना मुताचा विषय निघायचा. तुम्हाला किळस आली असेल तर येऊ दे, लग्न झाल्यावर वर्षभर मलाही यायची. आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे सांभाळतात. पिंजरे धुवायचे, आजारी जनावराला भरवायचं, आणि कुणी किती लघवी केली, कोणत्या रंगाची केली, ते डॉक्टरीणबाईंना सांगायचं. अंगातला कचरा बाहेर पडतोय की नाही हे कळल्याशिवाय त्यांचं औषध पुढे सरकत नाही म्हणे. संध्याकाळी घरी आले की हे कोपरापर्यंत हात घासायचे, ताटावर बसायचे आणि सुरू व्हायचे. पाखराच्या शिटेत जो पांढरा भाग असतो ना, ती त्याची लघवीच, पाणी वाचवायला ते ती घट्ट करून टाकतं, हे ज्ञान मला भात कालवताना मिळालंय.

बाबा, म्हणजे माझे सासरे, अशा वेळी उठून आतल्या खोलीत जायचे, तिथेही ऐकू जायचंच म्हणा. बाबा टेलर. भर बाजारात त्यांचं कोट शिवायचं दुकान होतं, आणि दुकान बंद झाल्यावरही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. खुर्चीत बसतानासुद्धा पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून वर घ्यायचे, इस्त्री मोडू नये म्हणून. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं तर म्हणायचे, दवाखान्यात असतो. पुढे अवाक्षर नाही. समोरच्याला डॉक्टर वाटलं तर वाटू दे. हे ते ऐकून हसायचे. मला मात्र संताप यायचा. मुलगा काय दरोडे घालतोय का?

यांना त्या कामाची गोडी होती, खोटं कशाला सांगू. सगळ्यात जास्त जीव अडकायचा तुंबलेल्या बोक्यांत. बोक्याची नळी बारीक असते, तिच्यात खडा अडकला की लघवी तुंबते. मग मूत्रपिंडं रक्त गाळायची थांबतात आणि जो कचरा बाहेर जायचा तोच रक्तात फिरून विषासारखा चढतो. डॉक्टरीणबाई नळी घालून वाट मोकळी करतात. ती काढल्यावर बोका आपला आपण मुततोय का, याची सगळा दवाखाना वाट बघत बसतो. तिथली पद्धत अशी, की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने मोठ्याने सांगायचं, "झाली!" मग औषधं देणाऱ्या बाई, दारावरचा पहारेकरी, बाकावर रडून डोळे सुजलेली मालकीण, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. एका मालकिणीने तर यांना मिठीच मारली होती. बरं, मी म्हटलं.

आणखी एक गोष्ट हे नेहमी सांगायचे, कासवाची. रानातलं कासव मूत्राशयात पाणी साठवून ठेवतं आणि कोरड्या दिवसांत तेच वापरतं. पण त्याला दचकवून उचललं, तर घाबरून सगळं पाणी सोडून देतं आणि नंतर सुकून मरतं. म्हणून कासव उचलायचं तर हळू, आधी त्याला आपण दिसू द्यायचं. हे यांनी इतक्यांदा सांगितलंय की आमची लेक शाळेत निबंध म्हणून लिहून आली.

तर अशा माणसाच्या घरात जे झालं ते ऐका.

बाबांचं हळूहळू बिनसायला लागलं. आधी चिडचिड. मग दुपारभर झोप. मग एक दिवस लेकीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. आम्ही हसलो, साठी बुद्धी नाठी म्हणालो, आणि बाबांची तर साठी कधीच मागे पडलेली. पण एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत आले तर बाबा कात्री घेऊन खिडकीचा पडदा कापत होते. म्हणाले, गिऱ्हाईक खोळंबलंय, बाह्या राहिल्यात. त्यांचे डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते.

नणंदबाई आल्या. बाबांचं डोकं गेलंय, असं त्यांनी सरळ सांगितलं. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, उद्या गॅस उघडा राहिला म्हणजे? वृद्धांना ठेवून घेणारी एक जागा त्या बघूनही आल्या होत्या. चांगली होती, दाराला बाहेरून कडी होती. मला त्यांचा राग आला, पण त्यांचं चूक होतं असंही म्हणवेना. त्या आठवड्यात जेवताना ना बोका निघाला ना कासव. शेवटी यांनीच कबूल केलं, की सोमवारी जागा बघायला जाऊ.

रविवारी सकाळी मी लेकीला झापत होते. खिडकीतल्या कुंडीतलं माझं मोगऱ्याचं रोप पिवळं पडून मान टाकायला लागलं होतं. ऊठसूट पाणी कोण ओततं त्यात, मी विचारलं. लेक रडकुंडीला येऊन म्हणाली, मी नाही, आजोबा ओततात. त्यांच्या ग्लासातलं. रोज.

हे तिथेच दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला फेस तसाच. कुंडीत बोट घातलं, तळापर्यंत चिखल. मग माझ्याकडे वळून विचारलं, बाबा हल्ली फक्त काळ्याच पँटी का घालतात गं? मला काय माहीत. मला वाटलं, म्हातारपणी आवड बदलली असेल.

हे बाबांच्या खोलीत गेले. एकदम नाही. आधी दारात उभे राहिले, बाबांना आपण दिसू दिलं, मग पलंगावर टेकले. बाबांना जीभ दाखवायला सांगितली. ती कोरडी, चिरा पडलेली. छातीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, कुत्र्यांची धरतात तशी. ती उभीच राहिली, हळूहळू खाली बसली. मग यांनी विचारलं, "बाबा, लघवीला कधी गेला होतात?"

इतक्या वर्षांत या घरात हा प्रश्न बाबांना कुणी विचारला नव्हता. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शहरभरच्या मांजरांच्या खाली वाकून बघणारा माणूस, पण बापाच्या न्हाणीघराचं दार बंद असायचं आणि बंद दारापुढे मुलगा कसा विचारणार? हे बाबांना उचलून खाली घेऊन गेले. मी मागून चपला घेऊन धावले, दोन्ही डाव्या पायाच्या.

माणसांच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, अंगातलं पाणी आटलंय, त्यातून लघवीला जंतू लागलेत, या वयात एवढ्यानेही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. डोकं गेलं असं इतक्यात धरू नका. सोमवारी नणंदबाई आल्या तेव्हा बाबा त्यांच्या ब्लाउजकडे बघून म्हणाले, बाही कुणी लावली, खांद्यावर ओढतेय. त्या तिथेच रडायला लागल्या. मीही रडले, मग काय.

दोन दिवसांनी बाबांनी सगळं सांगितलं. एकदा न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आत पँट ओली झाली होती. पुन्हा झाली. आयुष्यभर लोकांना फिटिंगचे कपडे शिवून देणाऱ्या माणसाची पँट ओली. त्यांनी गुपचूप धुतली, काळ्या रंगावर आले, आणि मग साधा हिशेब केला, आत गेलंच नाही तर बाहेर येणार नाही. हे ऐकत होते. म्हणाले, मला सांगायचं ना.

बाबा म्हणाले, "दिवसभर दुसऱ्यांच्या जनावरांचं काढतोस. घरी आल्यावर बापाचंही काढायला लावू तुला?"

मी खिडकीकडे वळले. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना मुलाच्या कामाची लाज वाटते. वाटतही असेल. पण पाणी पिणं सोडलं ते नुसत्या लाजेपायी नाही, मुलाच्या वाट्याला आणखी एक पिंजरा नको म्हणून सोडलं. मला इतकं भरून आलं, की सलाईन संपत आलेलंही माझ्या लक्षात आलं नाही.

यांनी बाबांची चादर नीट केली. "बाबा, मुतलं म्हणून मेलं असं एकही जनावर मी बघितलेलं नाही," ते म्हणाले. "जी गेली ती तुंबून गेली, नाहीतर सुकून गेली."

बाबांनी पाणी मागितलं.

घरी आल्यावर यांनी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरायला दांडा ठोकला. बाबांनी मशीनवरची धूळ पुसली आणि स्वतःसाठी पँट बेतली. बटणाऐवजी इलास्टिक, पण बाहेरून पट्टा असल्यासारखा दिसेल असा, आणि इस्त्री कडक. रंग फिका घेतला.

नणंदबाई नवऱ्याला घेऊन चहाला आल्या त्या दिवशी सगळे बाहेरच्या खोलीत होतो. नणंदेचे यजमान मोठे साहेब, त्यांच्यासमोर बाबा जपून बोलायचे. बाबा मधेच उठले, दांडा धरून आत गेले. न्हाणीघराचं दार अर्धवटच लोटलं. थोडा वेळ गेला. मग आतून बाबांचा आवाज आला, दुकानात गिऱ्हाईकाचं माप मोठ्याने सांगायचे तसा खणखणीत.

"झाली!"

साहेबांचा कप ओठांशीच थांबला. नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं. यांचे डोळे भरले होते, तसेच उठले, तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि बाबांच्या खुर्चीपाशी ठेवलं. बाबा आले, पँट चिमटीत धरून बसले आणि साहेबांना म्हणाले, माझा मुलगा जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे सांभाळतो. मग ग्लास उचलला आणि तळापर्यंत प्यायले.