हत्तीवाली बाई

मी बाई नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात दोन-तीन वर्षं लोकरीचे हत्ती, ससे, बदकं विकायला असत आणि दुकानदार गिऱ्हाइकांना सांगे, ‘एक गरजू बाई आहे, ती करते.’ ती बाई म्हणजे मी. धोतर नेसणारा, मिशीवाला, कचेरीतला कारकून.

क्रोशाचं विणकाम मी सॅनिटोरियममध्ये शिकलो. मला क्षय झाला होता. तेव्हा हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. ‘छातीचं दुखणं’ म्हणत आणि दोन पावलं मागे सरकत. आधी बायकोला झाला की आधी मला, हे देव जाणे. ती सहा महिन्यांत गेली आणि मी राहिलो. सासरच्या माणसांच्या लेखी सगळं सरळ होतं. जावयाने आमच्या मुलीला दुखणं दिलं आणि स्वतः मात्र वाचला. मी त्यावर कधी वाद घातला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. अजून वाटतं.

आमची मुलगी त्या वेळी दीड वर्षांची. सासूबाई तिला कल्याणला घेऊन गेल्या आणि मी घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये गेलो.

तिथे पडून राहणं हेच औषध होतं. दर पंधरवड्याला बरगड्यांतून सुई घालून छातीत हवा भरत. पुढे नवी इंजेक्शनं आली, ढुंगणाची चाळण झाली. बाकी वेळ खाट आणि छत. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात रिकामपण. मी सगळ्यांशी भांडत असे. डाळ पातळ म्हणून, खिडकी उघडी म्हणून, खिडकी बंद म्हणून. आमच्या वॉर्डात मंगळूरकडची एक सिस्टर होती. तिने एक दिवस क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा माझ्या पांघरुणावर टाकला. ‘तोंड बंद, हात चालू,’ ती म्हणाली. मराठी तिचं एवढंच, पण चोख.

आधी साखळी शिकवली, मग मुका खांब. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यात बुटका आणि घट्ट टाका. तो गोल गोल घालत गेलं की वाटी होते, वाटी मिटत आणली की चेंडू होतो. मिटण्याआधी आत कापूस कोंबायचा, की झालं पोट. पहिला ससा केला तो बटाट्याला कान लावल्यासारखा दिसत होता. सगळा वॉर्ड हसला. हसता हसता निम्मे खोकले, आणि सिस्टरने मलाच झापलं.

पण मग मागण्या सुरू झाल्या. प्रत्येकाला आपापल्या घरचं जनावर हवं. कुणाला मोती कुत्रा, कुणाला मांजर. पलीकडच्या खाटेवर खडवलीकडचा एक शेतकरी होता, त्याला त्याची म्हैस पाहिजे होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेलीच. मी दोनदा उसवून तिसऱ्यांदा केली तेव्हा कुठे त्याने मान डोलावली. ती त्याने खाटेच्या लोखंडी दांडीला बांधून ठेवली. तो पावसाळ्यात गेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या सामानाबरोबर म्हैसही जाळली. मला फार वाईट वाटलं, पण रिवाज होता आणि तो बरोबरही होता.

दोन वर्षांनी मी सुटलो. थुंकी साफ, कुणालाही धोका नाही, असा डॉक्टरांनी सहीशिक्क्याचा कागद दिला. तो मी घडी करून कायम खिशात ठेवत असे. कचेरीने कामावर परत घेतलं, मात्र टेबल व्हरांड्यात हलवलं. ठाण्यात एक खोली मिळाली. मी नळावर गेलो की बाकीच्यांच्या बादल्या आपोआप बाजूला होत. कुणी वाईट बोलत नसे हो. बोलतच नसे. रविवारी सबंध दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. सोमवारी कचेरीत ‘हो साहेब’ म्हणताना घसा खरखरायचा, आणि तो खरखरला की शेजारचा कारकून दचकायचा. म्हणजे न बोलण्याचीही शिक्षाच.

म्हणून विणायचो. एकदा बदकाच्या डोळ्यांसाठी काळी बटणं घ्यायला नाक्यावरच्या त्या दुकानात गेलो. रिबिनी, वह्या, पावडरीचे डबे असलं ते दुकान. माप बघायला बदक बाहेर काढलं.

‘कोणी केलंय हे?’ दुकानदाराने विचारलं.

‘मी.’

‘आईशप्पत? अहो राव, असले अजून करा. ठेवतो ना मी इथे.’

लपवाछपवी मला जमत नाही. मी दुखण्याचं सगळं सांगितलं आणि कागद काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. मी वाट बघत होतो की हा आता बदक परत सरकवणार.

‘थुंकी साफ आहे ना? मग मिटलं,’ तो म्हणाला. ‘पण पब्लिकला हा कागद दाखवत बसलात तर उंदीरसुद्धा खपायचा नाही. आपण म्हणू एक बाई करते. गरजू.’

‘गरजू कशाला?’

‘गरजू म्हटल्याशिवाय लोक हात घालत नाहीत खिशात.’

झालं. नाव नाही, गाव नाही, मी बाई झालो. मला राग आला का? आला. पण दुकानात जायला मिळायचं, आणि तो माणूस माझ्या हातातून वस्तू घ्यायचा, सरळ हातातून. त्यासाठी मी आणखी कुणीही व्हायला तयार झालो असतो.

दर दुसऱ्या रविवारी मी कल्याणला जात असे. सासरे बैठकीच्या खोलीत दोन शब्द बोलून वर्तमानपत्रात शिरत. माझी कपबशी वेगळी, निळ्या फुलाची, परसातल्या कोनाड्यात पालथी घातलेली. सासूबाई ती आणून माझ्यापासून हातभर लांब ठेवत. मुलगी आतल्या दाराच्या उंबरठ्यापलीकडे त्यांचा पदर धरून उभी. ‘नमस्कार कर हो त्यांना,’ त्या म्हणत. ती तिथूनच हात जोडायची. ‘त्यांना.’ बाबा हा शब्द त्या घरात कुणी माझ्यासाठी वापरत नसे, आणि मी तरी कोणत्या तोंडाने मागू?

मला एकच हवं होतं. तो उंबरठा ओलांडून पोरीने एकदा, आपणहून, माझ्यापर्यंत यावं. मांडीवर बसायला नको, काही नको. नुसतं जवळ यावं.

जाताना मी वर्तमानपत्रात बांधून काहीतरी न्यायचो. ससा नेला, बदक नेलं, मांजर नेलं. मी केलंय म्हणून कधी सांगितलं नाही. पुरुषाने विणायचं म्हणजे सासऱ्यांच्या भुवया कपाळात गेल्या असत्या. ‘छोटंसं खेळणं आहे,’ एवढंच म्हणायचो. सासूबाई पुडीचा कोपरा चिमटीत धरून म्हणत, ‘देते हं मागाहून.’ पुढच्या खेपेला मुलीच्या हातात कधी काही दिसलं नाही. मला वाटायचं, लाजत असेल, आत ठेवलं असेल.

एकदा पाय धुवायला परसात गेलो. पाणी तापवायचा बंब नुकताच विझला होता, खाली राख ओढून ठेवली होती. राखेत लोकरीचा एक तुकडा होता, अर्धा करपलेला. सशाचा कान. मी उकिडवा बसून बघत राहिलो. मग माझं डोकं फिरलं.

‘पुड्या न उघडता जाळता तुम्ही?’ मी ओरडलो.

‘उघडायच्या कशाला?’ सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

‘हा कागद बघा! डॉक्टरांचा कागद आहे!’

‘कागदाला नात नाही,’ त्या म्हणाल्या. ‘एक लेक दिली तुम्हाला. ही नाही द्यायची.’

मी चहा न घेता निघालो. स्टेशनपर्यंत मनातल्या मनात त्यांना वाटेल ते बोललो आणि गाडीत बसल्यावर रडलो. त्यांचं चुकलं होतं, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. ही दोन्ही वाक्यं एकदम खरी असली की माणसाने करावं तरी काय?

तीन-साडेतीन महिने मी गेलो नाही. चिडून नुसते हत्ती विणले. करडी लोकर मध्येच संपली, तशी कचेरीतल्या जुन्या मफलरची बाटली-हिरवी लोकर उसवून एका हत्तीचे मागचे दोन पाय केले. दुकानदार म्हणाला, ‘हा काय चिखलातून आला काय?’ पण तोही खपला.

दिवाळी झाल्यावर मात्र राहवेना. कानाला खडा लावला होता, तो काढला आणि गेलो. हात रिकामे नेले. बैठकीत नेहमीच्या जागी टेकलो. आतल्या दारात मुलगी आली. उंची वाढली होती. दोन शेपट्या घातल्या होत्या. आणि काखेत हत्ती होता. करडा, मागचे पाय हिरवे.

आपल्या हातचा टाका आपल्याला कळतो. मला तर पायही सांगत होते. मी बघतच राहिलो, तशा सासूबाई आपण होऊन बोलल्या. एरवी माझ्याशी चार शब्द जड व्हायचे, पण कौतुक सांगायला त्यांनाही माणूस हवा होता.

‘हे कोर्टाच्या कामाला ठाण्यास गेले होते, तिथून आणलान. कोणी गरजू बाई करते म्हणे. काय हात आहे हो बाईचा! एक टाका ढिला नाही. आणि ही बया तर जेवताना हत्ती, झोपताना हत्ती. सोंड चोखून चोखून पार लांबवलीन.’

आधी आनंद झाला, इतका की हसू येईल असं वाटलं. मग संताप. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं: तो मी केलाय! इतके दिवस तोंडात घालते आहे, झालं का तिला काही? बोला आता! डॉक्टरांच्या कागदाने जे जमलं नाही ते या हत्तीने एका क्षणात केलं असतं. सासूबाईंचं तोंड कसं झालं असतं, तेही मला दिसत होतं.

पण परसात बंब पेटलेला होता, लाकडं तडतडत होती. म्हटलं, गप्प बस. हात दाखवून अवलक्षण करायचं, आणि ते कुणाच्या जिवावर? मी वाक्य गिळलं. सासूबाई चहा आणायला आत वळल्या.

‘तुम्ही ठाण्याला राहता ना?’ मुलीने विचारलं. माझ्याशी ती आपणहून बोलली ती पहिल्यांदा.

‘हो.’

‘ती बाई पण ठाण्याला राहते. हत्तीवाली. तुम्ही ओळखता तिला?’

‘ओळखतो.’

‘कशी आहे?’

‘बरी आहे,’ मी म्हणालो. ‘जरा रागीट आहे. एकटीच असते.’

‘तिला मुलं नाहीत?’

‘एक मुलगी आहे.’

‘मग तिलाच का नाही दिला हत्ती?’

‘दिला ना,’ मी म्हणालो.

ती विचार करत होती. मग तिने हत्ती उलटा केला, त्याचा एक कान ओढून पाहिला, आणि उंबरठा ओलांडला. चालत चालत, मधली सगळी फरशी ओलांडून, ती माझ्या गुडघ्यांपाशी येऊन उभी राहिली. खोबरेल तेलाचा वास आला. नाक तिच्या आईचं होतं, ते मला लांबून कधी दिसलं नव्हतं.

‘कान सुटलाय,’ ती म्हणाली आणि हत्ती माझ्यापुढे धरला. ‘तिला शिवायला सांगा. आणि परत आणून द्या. नक्की हं.’

‘अगं, अगं, इकडे ये!’ सासूबाई कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. दोन्ही हात अडकलेले, चहा बशीत सांडलेला. त्या मुलीकडे बघत नव्हत्या. माझ्या हातांकडे बघत होत्या.

हत्ती माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर होता. मी नुसता धरला असता तरी बंबात गेला असता, हे मला जितकं स्वच्छ कळत होतं तितकंच त्यांनाही. मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

‘मी नाही घेत. आजी शिवेल.’

‘पण तुम्ही तिला ओळखता ना? मग घ्या ना.’ तिने हत्ती माझ्या छातीवर टेकवायला हात पुढे केला. मी भिंतीला पाठ लावली.

‘नको म्हटलं ना! जा आत!’

मी फार मोठ्याने ओरडलो. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मुलीचा खालचा ओठ बाहेर आला. पण ती रडली नाही, हत्ती काखेत घालून पळत आत गेली आणि आजीच्या पदरामागे लपली.

‘घेत नाहीत,’ तिने आजीला सांगितलं. ‘मला नाही आवडत ते.’

सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली. ‘बरं केलंत हो,’ त्या म्हणाल्या. जन्मात मला त्या चांगलं म्हणाल्या ते तेवढंच.