मनोऱ्यातले अकरा बस्ते

त्या जुन्या कोर्टाच्या मनोऱ्याकडे नजर गेली की ते प्रकरण अजूनही जसेच्या तसे डोळ्यांपुढे येते. हल्ली रविवारी सकाळी तरुण मंडळी मोबाईल सरसावून ती दगडी इमारत बघायला जमतात. परवा त्यांना माहिती सांगणारा मुलगा म्हणाला, "हा मनोरा नुसता शोभेचा आहे." मी मागेच उभा होतो. पण त्याच शोभेच्या मनोऱ्यापायी मी एका सरळ माणसाला अटक करायला निघालो होतो.

मी तेव्हा त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. एके दिवशी टपालातून निनावी अर्ज आला. नारायण पेठेतल्या एका घरावरून दोन भावांत जुना दावा होता. त्यातले मूळ वाटणीपत्र कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून गायब आहे आणि रेकॉर्ड कीपरनेच ते एका भावाकडे पोचते केले आहे, असा मजकूर. निनावी अर्जांवर विसंबून आम्ही सहसा हलत नाही. पण दोन दिवसांनी कोर्टाकडूनच रीतसर फिर्याद आली. वरच्या कोर्टाने त्या दाव्याचे कागद मागवले होते आणि ते ज्या बस्त्यात, म्हणजे लाल कापडाच्या गाठोड्यात होते, तो बस्ताच जागेवर नव्हता. गुन्हा दाखल झाला. तपास मी स्वतःकडे घेतला.

रेकॉर्ड कीपरला ठाण्यात बोलावले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री, चेहऱ्यावर शाळामास्तरांचा करडेपणा. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. अटक झाली असती तर निलंबन, चौकशी, अडकलेले निवृत्तिवेतन, आणि आयुष्यभराच्या नोकरीच्या शेवटी कपाळावर चोरीचा शिक्का.

"बस्ता कुठे होता?" मी विचारले.

"यादीप्रमाणे पश्चिमेच्या भिंतीला, खालून तिसरा कप्पा. ती भिंत गळते."

"भिंतीचं मी विचारलेलं नाही."

"मग उत्तर अर्धवट देऊ का? अहो साहेब, ती खोली रेकॉर्डसाठी बांधलेलीच नाही. इंग्रजांच्या काळात तिथे ज्यूरी बसायची. ज्यूरीनं बाहेरच्या कुणाशी बोलू नये म्हणून त्या खोलीतून थेट मनोऱ्यात जायला वेगळा जिना ठेवला होता. वर त्यांची विश्रांतीची खोली. मी जुना नकाशा पाहिलाय."

आमचा रायटर हवालदार जबाब लिहायचे थांबून माझ्याकडे बघू लागला. मी त्याला पुढे चल अशी खूण केली. चोरीचा तपास चाललाय आणि हा गृहस्थ मला इतिहास शिकवतोय, याचा मला संताप आला. प्रश्नाला बगल देणारे पुष्कळ पाहिले होते, पण ज्यूरीपर्यंत मागे जाणारा हा पहिलाच.

"आता आहे का तो जिना?"

"नसावा. मी दीड वर्षापूर्वी बदलून आलो. त्याआधी दुरुस्ती झाली, लोखंडी रॅक आले. तेव्हाच बुजवला असणार."

"चार्ज घेताना तुम्ही स्वतः तो बस्ता पाहिला होता?"

त्यांनी चष्मा पुसला. पाणी मागितले. माणूस खोटे बोलण्याआधी पाणी मागतो, हे माझे वर्षानुवर्षांचे निरीक्षण. मी मनाशी निकाल देऊन टाकला.

दोन तास खोदून विचारल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "यादीवर सही केली. बस्ते मोजले नाहीत. कुणीच मोजत नाही."

मला ती पळवाट वाटली. मी सांगितले, "उद्या अकराला या. जामीनदार बरोबर आणा."

त्यांचा चेहरा उतरला. तरीही त्यांनी जबाब शेवटपर्यंत वाचला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. "जामीनदार आणतो. पण हा अपुरा आहे. जिन्याचं वाक्य गाळलंय तुमच्या माणसानं. ते घातल्याशिवाय मी सही करणार नाही."

रायटरने कपाळाला हात लावला, पण वाक्य घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अटकेचे कागद तयार करायचे म्हणून तो जबाब पुन्हा चाळला आणि त्या वाक्याशीच अडकलो. तपासाचा भाग म्हणून नव्हे, निव्वळ कुतूहलाने. जिना होता, तर तो झाडत कोण होते? इमारतीची माहिती साहेबाला विचारू नये, झाडणाऱ्याला विचारावी, हे मी हवालदारांना नेहमी सांगायचो. स्वतः मात्र विसरलो होतो. चौकशी केली तेव्हा कळले, रेकॉर्ड रूमचा जुना पट्टेवाला निवृत्त होऊन येरवड्याच्या पलीकडे एका गावात मुलाकडे राहतो. जीप काढली.

म्हातारा ओट्यावर शेंगा निवडत बसला होता. पाय जायबंदी. मी बस्त्याचे नाव काढताच म्हणाला, "त्ये व्हय? त्ये वर हायेत की, साहेब. मनोऱ्यात."

"वर म्हणजे? कुणी नेले?"

"म्याच. दरसाली न्यायचो. भित गळती ना. मृग लागायच्या आत तिकडलं बस्ते वर, दिवाळी झाली की खाली. वर कागुद खडखडीत ऱ्हातो. लोखंडी रॅक आलं त्या साली जिन्यावरनं पडलो, हाड मोडलं. खाली आणायचं ऱ्हाऊनच गेलं."

"आणि नोंद?"

"नोंद कशापायी? दिवाळीला परत यायचंच असायचं."

"अहो, मग कुणाला सांगायचं तरी!"

"कुनी इचारलंच न्हाई."

तासाभरात दोन पंच घेऊन आम्ही रेकॉर्ड रूममध्ये होतो. रेकॉर्ड कीपर ठरल्या वेळी ठाण्यात आले होते, त्यांनाही बोलावून घेतले. शेजारच्या एका गृहस्थांना ते जामीनदार म्हणून घेऊन आले होते. कोपऱ्यातला लोखंडी रॅक हलवायला सहा जण लागले. त्याच्या मागे लाकडी दार, आत अरुंद गोल जिना. वरच्या खोलीला तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, त्यातून वारा खेळत होता. फरशीवर ओळीने अकरा बस्ते. चौथ्यात वाटणीपत्र सापडले. ते कोरडे होते आणि त्याची घडीही मोडलेली नव्हती.

बाकीचे कागदाभोवती जमले. रेकॉर्ड कीपर मात्र जिन्याच्या दगडी कठड्यावर हात ठेवून उभे होते. "मी फक्त नकाशावर पाहिला होता," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटले. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, ती आजही वाटते.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टाला 'सी' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवला. निनावी अर्ज कोणाचा ते कधीच समजले नाही. मी रेकॉर्ड कीपरकडे जाऊन माफी मागितली. त्यांचे उत्तर मला पाठ आहे. "माफी राहू द्या. तीस तारखेला मी चार्ज देणार आहे. तेव्हा साक्षीदार म्हणून या."

गेलो. त्यांनी एकेक बस्ता सोडला, मोजला, पुन्हा बांधला. नवा माणूस सारखा घड्याळ बघत होता. संध्याकाळ झाली तरी ते उठले नाहीत. शेवटी रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिले, 'मनोऱ्याच्या खोलीतून अकरा बस्ते खाली आणले.' त्या जिन्याची बहुधा ती पहिलीच नोंद. खाली सही केली, छत्री घेतली आणि मला म्हणाले, "आता जातो."

ते पाणी मागणे खोटेपणाचे नव्हते, न पाहता केलेल्या सहीच्या लाजेचे होते. मी दोन्हींतला फरक ओळखायला शिकलो नव्हतो. आणि तसली सही मीही केली होती. त्या ठाण्याचा चार्ज घेताना मुद्देमालाची यादी माझ्यासमोर आली, तेव्हा एकही पुडके न उघडता मी पेन उचलले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्देमाल कारकुनाला बोलावले आणि खोलीचे कुलूप काढायला सांगितले.

"काही हरवलंय का, साहेब?" त्याने घाबरून विचारले.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी अजून पाहिलेलंच नाही."