वड्यांचा डबा

कोथिंबिरीची वडी तेलात पडली, की त्या खमंग वासाबरोबर दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मला बघायला आलेला एक मुलगा आठवतो. नोएडातल्या कुठल्याशा लॅबमध्ये तो भारतीयांच्या लठ्ठपणामागच्या जीन्सवर काम करायचा, आणि सोफ्यावर बसल्यापासून त्याने दुसरा विषयच काढला नाही. आपल्या लोकांच्या शरीराला चरबी साठवायची खोड जन्मजात असते, असं त्याने आम्हाला समजावलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत मला विचारलं, "तुमच्या आई पहिल्यापासूनच अशा आहेत का? म्हणजे, पुढे मुलांचा प्रश्न येतो." मी तेव्हा काडीसारखी होते, पण बाजारात कलिंगड वाजवून बघावं तसा तो माझं पुढचं वय तपासत होता. शेजारी त्याचे वडील, शर्टाची बटणं तुटायला आलेली, आणखी एक वडी तोंडात टाकून "बिल्कुल, बिल्कुल" करत मान हलवत होते. ते पोट बहुधा त्याच्या संशोधनात बसत नसावं. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. उरलेल्या वड्या तिने स्टीलच्या डब्यात भरल्या, डबा त्याच्या वडिलांच्या हातात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मुलगा आम्हाला पसंत नाही. डबा परत नाही दिलात तरी चालेल." आज मी आईएवढीच जाड आहे. त्याचं शास्त्र खरं निघालं, आणि डबाही त्याने परत दिला नाही.