मूळ चित्रपट कोणता

हिंदी रिमेक म्हणजे मूळ मराठी चित्रपटाची विटंबना, हे मत मी आयुष्यभर मांडत आलो. पुरावा म्हणून नेहमी एका मराठी चित्रपटातला एकच प्रसंग सांगतो: बाप मुलीला स्टेशनवर निरोप देतो. काल पत्नीने तो चित्रपट आणि त्याचा हिंदी रिमेक, दोन्ही मोबाइलवर लावले. मराठीत तो प्रसंगच नव्हता, हिंदीत होता.

“अहो, परदेशीपुऱ्यातल्या थिएटरात आपण हिंदीच तर पाहिला होता ना,” ती म्हणाली. “घरी येताना तुम्ही सगळे डायलॉग मराठीत म्हणून दाखवले. अन् रडलात की!”

रडल्याचे मला आठवत नाही. त्या बापाचा आवाज मात्र अजूनही मराठीतच ऐकू येतो. उद्या मंडळात रिमेकविरुद्ध बोलायचे आहे. मी नक्की कोणता चित्रपट पाहिला, हेच मला सांगता येत नाही.